तटायचा गिअर

११ ऑगस्ट, सोमवार

मुकुंदा आज सकाळीच दारात उभा. चहा नको म्हणाला. "चल, तुला एक चतुष्पाद दाखवतो." पाठशाळेत एका सतरंजीवर बसून आम्ही रूपं घोकली तेव्हापासून त्याला असं बोलायची खोड. पुढे मी पोटासाठी वार्ताहर झालो आणि तो परोपकारी झाला, म्हणजे पशुसेवा न्यासाचा चिटणीस.

चतुष्पाद निघाली जीप. चारही चाकांना जोर जाणारी, फोर बाय फोर, कुणा दात्याने न्यासाला दिलेली. वळसंगच्या पलीकडच्या माळांवर मेंढरांना लस टोचायला डॉक्टर जातात, तिथे साधी गाडी अर्ध्यात बसते. आता ही जाईल. आमच्या शुक्रवार पेठेच्या बोळात मात्र ही शिरत नाही. मेंढरांपर्यंत पोचेल, माझ्यापर्यंत नाही.

गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलंय. न्यासाचे अध्यक्ष कट्टर मराठीप्रेमी. गाडीत एकही इंग्रजी शब्द दिसता कामा नये, चालकासाठी शुद्ध मराठीत पुस्तिका हवी, असा त्यांचा आदेश. ती मी लिहायची.

"अरे, मला गाडी चालवता येत नाही," मी म्हणालो.

"राजकारण तरी कुठे करता येतं तुला? रोज लिहितोसच की."

हो म्हणालो. पेपरला हल्ली माझ्याकडून दोन परिच्छेद आणि एक व्हिडिओ पुरतो. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे संपादकांनी कळवलेलं नाही.

१४ ऑगस्ट

होटगी रोडवर निंगप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात बसलो. जीपखाली सतरंजी टाकून आडवा झालो. शीर्षासनानंतर प्रथमच जग या बाजूने पाहिलं.

समजलं ते असं. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये येतो. तिथून साध्या गाडीत तो थेट मागच्या चाकांना जातो. हिच्यात मधे आणखी एक पेटी आहे, ट्रान्स्फर केस. ती जोर पुढच्या नि मागच्या चाकांना वाटून देते. तिचा स्वतःचा छोटा दांडा, मोठ्या गिअरच्या शेजारी. वर ढकलला की रस्त्यावरची चाल, खाली ओढला की चिखलातली, सावकाश पण जोरकस.

"आणि मधे?" मी विचारलं.

निंगप्पांनी दोन्ही हात सोडून दाखवले. "मधे पेटीनं हात सोडला. मग वरचा गिअर कुठलाबी टाका, चाकाला पत्ता न्हाई. गाडी दोरीनं ओढून न्यायची असली तरच त्ये. न्हाईतर बिट्टबिडी, सोडून द्या, मधल्याचं काम न्हाई."

दांड्याच्या मुठीवरची अक्षरं झिजून गेली आहेत. तिथे आता माझी येणार.

२१ ऑगस्ट

आठवडाभर पंख लागल्यासारखा आहे. दंतचक्र. शक्तिविभाजक, म्हणजे ट्रान्स्फर केस. भेदक, म्हणजे डिफरन्शियल, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा. चाकांकडे जाणारा तो लांब लोखंडी शाफ्ट, त्याला चालकदंड. छोट्या दांड्याच्या वरच्या स्थितीला 'द्रुत', खालच्या स्थितीला 'विलंबित'. लिहून झाल्यावर लक्षात आलं, द्रुतविलंबित हे वृत्तच आहे. जीप छंदात बसली! मधल्याला काही शोधायची गरज पडली नाही. 'तटस्थ'. रोजच्या पेपरातला शब्द.

वैदेहीला वाचून दाखवलं. ती शाळेतल्या तपासायच्या वह्यांवरून मान वर न करता म्हणाली, "सासूबाईंनी तुमचं नाव सुबोध ठेवलं, तेव्हा तुम्ही बोलायला लागला नव्हतात ना?"

२ सप्टेंबर

आज चालक भेटला. कुमार. वळसंगचाच, मेंढपाळांच्या घरातला. आजवर कांद्याचा पिकअप चालवायचा, रोजावर. सरळ नाक, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. "काका, पेपरवाले तुमीच न्हवं?" म्हणून पाया पडला. डिसेंबरात काम पाहून कायम करू, असं मुकुंदाने त्याला सांगितलंय. नुकतंच लग्न झालंय, आणि सासऱ्याने मुलगी 'न्यासाचा डायवर' म्हणूनच दिली. मेंढरामागे फिरणाऱ्याला हल्ली धनगरही मुलगी देत नाहीत, हे त्यानेच हसत सांगितलं.

डॅशवर माझी पट्टी चिकटवली. द्रुत, तटस्थ, विलंबित. मग वर्ग घेतला.

"विलंबित म्हंजे उशिरा यिनारी का, काका?"

"सावकाश चालणारी. चिखलात, चढाला."

"आन् ह्यो चालकदंड? मी अजून गाडी काडली बी न्हाय, आन् दंड?"

दंड म्हणजे दांडा, हे सांगितलं. भेदक सांगितलं. शक्तिविभाजक तर त्याने तीनदा म्हणून घेतला, पोराला नाव ठेवावं असा शब्द हाय म्हणाला. तटस्थाशी बोट आलं तेव्हा तोच म्हणाला, "ह्ये समजलं. ह्ये आपलंच हाय की." मी पुढच्या पानावर गेलो. विद्यार्थ्याला येतं ते पुन्हा शिकवणं हा त्याचा अपमान असतो.

२८ सप्टेंबर

सीना नदीच्या पुराने सगळी काळी माती लोणी झालीये. रस्ते तुटलेल्या वस्त्यांवर जीप रोज जाते. आज बातमीसाठी मीही बसलो. एका ओढ्यात पाणी दरवाजाच्या पायरीपर्यंत आलं. मी नामस्मरण चालू केलं. कुमारने छोटा दांडा खाली ओढला. "विलंबित," तो मला डोळा मारून म्हणाला आणि जीप म्हशीसारखी सावकाश पलीकडे निघाली.

बाहेर पडल्यावर त्याने काय करावं? जीपखाली शिरून भेदकाचा बोल्ट सैल केला. आतून दुधाळ चहासारखं काहीतरी ठिबकलं. "पानी शिरलं, काका. असं ऱ्हायलं तर दात खाऊन टाकील." संध्याकाळी निंगप्पांकडे दोन्ही भेदकांचं ऑइल बदलून घेतलं, शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस मारून घेतलं. तेव्हा हँडब्रेकची केबल ताणली गेल्याचंही दिसलं. कुमारने तिथूनच मुकुंदाला फोन लावला. पुढच्या सर्व्हिसिंगला एकदमच करू, मुकुंदा म्हणाला.

"मग उतारावर काय करतोस रे?" मी विचारलं.

"पयल्या गिअरमधी टाकतो. आन् तुमची पट्टी हाय की."

माझ्या पुस्तिकेवर एवढा विश्वास माझ्या संपादकाने कधी दाखवला नाही.

२३ ऑक्टोबर

अध्यक्षांकडे फराळाला. न्यास दुसरी गाडी घेणार. आपोआप गिअर बदलणारी घ्यायची की हाताने बदलायची, यावर चकलीइतके वेढे घेत वाद चालला. निंगप्पांचं मत मुकुंदाने सांगितलं: माळावर हाताचाच गिअर बरा, उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं, बिघडलं तर खेड्यातही उघडता येतं. अध्यक्ष म्हणाले, "चालकावर जितकं कमी सोपवू तितकं उत्तम." मला विचारलं तेव्हा मी दोन्ही बाजू मांडल्या. घरी येताना वैदेही म्हणाली, "तुमचं मत काय होतं पण?" मी म्हटलं, वार्ताहराला मत नसतं. ती म्हणाली, "नवऱ्यालाही नसतं वाटतं."

कुमार आणि त्याची बायको सोनम सकाळी येऊन गेले होते. तिने स्वतः केलेल्या करंज्या. "ह्यो झोपंत बी शक्तिविबाजक म्हनतोय," तिने तक्रार केली, तोंडाला पदर लावून.

१३ नोव्हेंबर

दुपारी फोन आला. वळसंगच्या माळावर, पाझर तलावाच्या वरच्या उताराला जीप उभी होती. मेंढरं टोचून घ्यायला रांग. कुमार उतरून लशीची पेटी काढत होता आणि जीप आपली आपण निघाली. खाली हरिबा हा म्हातारा मेंढपाळ मेंढरं वळवत होता. त्याने काठी आडवी धरली म्हणे. वर्षानुवर्षं जनावरं अडवलेला माणूस, त्याने जीपही तशीच अडवायला पाहिली. उजव्या पायावरून चाक गेलं. मेंढरं मेली ती कुणी मोजली नाहीत, जीप तलावात पुढची चाकं बुडवून थांबली.

हरिबा सोलापूरला, हॉस्पिटलात. पाय राहील असं वाटत नाही, डॉक्टर म्हणाले.

कुमारला बाहेर पायरीवर बसलेलं पाहिलं. शर्टाची इस्त्री तशीच होती. कशी कोण जाणे, नजर तिकडेच गेली.

१४ नोव्हेंबर

पोलिसांत आणि विमा कंपनीत चालकाचं लेखी निवेदन द्यावं लागतं. आजच हवं, मुकुंदा म्हणाला. "तू लिहून दे. त्याला जमणार नाही, आणि तुझं मराठी कुणाला खोडता येणार नाही."

न्यासाच्या कचेरीत कुमारला समोर बसवलं. जे घडलं तेच सांग, म्हटलं.

"गाडी उबी केली. पयल्या गिअरमधी टाकली. हँडब्रेक वडला, त्यो ढिला हाय त्ये तुमाला ठावंच हाय. आन् वरनं छोटा दांडा तटस्थ केला."

मी थबकलो. "तटस्थ केलास? तू स्वतः?"

"मी सोता. माज्या हातानं."

"आठवतंय नक्की?"

"काका, जनमात इसरायचो न्हाय. त्ये नीट लिवा. तटस्थ केल्ती म्हनून लिवा."

मी लिहिलं: 'वाहन उभे करताना शक्तिविभाजक मी स्वतः, पूर्ण जाणीवपूर्वक, तटस्थ स्थितीत ठेवला होता.' वाचून दाखवलं. तो पुढे वाकून ऐकत होता. "बराबर. जानीवपूर्वक. लई झ्याक. खाली सईजवळ अजून एकदा लिवा." मीही लिहिलं, दुसऱ्यांदा. हँडब्रेकचं वाक्य मुकुंदाने काढायला लावलं, ते यांत्रिक तपासणीत येईलच म्हणाला.

असा माणूस मी पाहिला नाही. आमदार-खासदारांच्या मुलाखती घेण्यात हयात गेली, एकाने कधी 'मी स्वतः' म्हटलं नाही. हा स्वतःची चूक दोनदा लिहून घेतो, मान ताठ ठेवून सही करतो, आणि वर माझे आभार मानतो! जाताना म्हणाला, "आता कुनी काय म्हनायचं न्हाय. तुमी लिवलंय."

मुकुंदाने कागद वाचला. दोनदा घडी घालून खिशात ठेवला.

१७ नोव्हेंबर

बातमी दिली. दोन परिच्छेद. 'चालकाने वाहन तटस्थ स्थितीत सोडल्याने दुर्घटना, निवेदनात कबुली.' न्यासाचं नाव संपादकांनी काढलं, कुमारचं ठेवलं. माझ्या हातात नव्हतं ते.

वैदेहीने वाचली. "तुम्ही त्याला ओळखता, हे कुठे आलं नाही यात."

"बातमीत ते येत नसतं. वार्ताहराने—"

"कळलं," ती म्हणाली आणि पेपर घडी न करता उठली. ती पेपर नेहमी घडी करून ठेवते.

हरिबाचा पाय गुडघ्याखाली काढला.

२२ नोव्हेंबर

हॉस्पिटलात गेलो होतो. हरिबा जागा होता. सत्तरीचा असावा, रापलेला, पांढऱ्या चादरीत चुकून ठेवल्यासारखा. त्याची बायको म्हाळसाबाई उशाशी खाली बसून भाकरी मोडत होती. मी केळी ठेवली. कुमारवर राग आहे का, असं विचारलं. सवयीने प्रश्न पडतात तोंडातून.

"त्येच्यावर कशापाई? त्यो रोज येतोय. त्येनं तर तटवल्ती गाडी. गाडीच तटली न्हाय."

"तटवली होती?"

"व्हय की. मला दावलं हुतं त्येनं मागल्या खेपेला. आजा, म्हनला, ह्या गाडीला तटायचा गिअर हाय. घोडं तटतंय न्हवं? पाय रवून? मारलं, वडलं, तरी हलत न्हाय. तसा गिअर. वर लिवलंय बी म्हनला, तट-स्थ. तटून ऱ्हातंय त्ये."

म्हाळसाबाई म्हणाली, "शिकलेल्या मानसानं लिवलंय म्हनत हुता. म्हून दगूड लावला न्हाय चाकाला. न्हाईतर त्यो रोज लावायचा, पिकअप हुता तवा."

घरी येऊन वही उघडली.

पहिल्या गिअरने गाडी थांबली असती. दांडा मधे ओढला म्हणून पहिला गिअर फुकट गेला. त्याने एकावर एक दोन कुलपं लावली, आणि दुसरं कुलूप नव्हतं, किल्ली होती. माझ्या पट्टीने दिलेली. आणि त्या दिवशी त्याने दोनदा लिहून घेतलं, ते पापाची कबुली म्हणून नाही. मी सगळी काळजी घेतली होती, हे त्याला सांगायचं होतं.

हे सगळं आत्ता लिहिताना व्याकरणशुद्ध उतरतंय, याची लाज वाटते.

२३ नोव्हेंबर

मुकुंदाकडे गेलो. सगळं सांगितलं. निवेदन बदलून देऊ म्हटलं.

"गेलं ते. आता बदललं तर तोच खोटा ठरेल." मग त्याने चष्मा काढला. "आणि तू म्हणणार काय नेमकं? शब्द चुकला? शब्द बरोबर आहे. कोश काढू का?"

"शब्द बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग?"

पुस्तिकेवर माझ्याबरोबर न्यासाचंही नाव आहे, हँडब्रेकचा फोन त्यालाच आला होता, हे तो बोलला नाही. मीही काढलं नाही. पन्नास वर्षांची मैत्री. दोन तारखेला चौकशी समिती बसणार आहे, तिथे येऊन बोल, तुला कोण अडवतंय, म्हणाला. बरोबरच आहे. सांगायचं तर योग्य व्यासपीठावर.

घरी येऊन कोश पाहिलाच. तट, काठ. काठावर उभा तो तटस्थ. वैदेहीला दाखवला.

"कुमारच्या जीपमध्ये होता का हा?" ती म्हणाली.

३० नोव्हेंबर

समितीपुढे काय बोलायचं याचं टिपण केलं. पहिला मसुदा: 'चूक माझी आहे.' फार त्रोटक वाटला. संदर्भ न देता विधान केलं तर लोकांना ते भावनिक वाटतं. पार्श्वभूमी घातली. व्युत्पत्ती घातली. आता टिपण तीन पानांचं, भक्कम झालंय. मूळ वाक्य शेवटी ठेवलंय, निष्कर्ष म्हणून.

कुमारचा फोन. "काका, तुमी हाईसा म्हनून मला भ्या न्हाय. सोनमच्या बापाला बी तसंच सांगितलंय."

२ डिसेंबर

समिती: अध्यक्ष, मुकुंदा आणि खजिनदार. कुमारला बाहेर बाकावर बसवलं. दार नुसतं लोटलेलं.

मी उभा राहिलो. तट म्हणजे काठ, असा आरंभ केला. मग म्हटलं, ग्रामीण मराठीत मात्र 'तटणे' असं क्रियापद आहे, जनावर पाय रोवून उभं राहतं त्याला म्हणतात, आणि चालकाने आमचा तत्सम शब्द या देशी धातूवरून लावला—

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "थांबा, थांबा! म्हणजे त्याला वाटलं, गाडी तटेल?"

"हो."

"घोड्यासारखी?"

"हो, म्हणजे त्याच्या दृष्टीने—"

"अहो, काय गोड आहे हे! तटायचा गिअर!"

ते हसले. मुकुंदा हसला. खजिनदार सहसा हसत नाहीत, तेही हसले. आणि मला वाटतं, मीही. सांगण्याच्या ओघात माणूस हसतो. अध्यक्षांना व्युत्पत्तीची फार आवड, त्यांनी 'तटतट' आणि 'तटबंदी' हे शब्द याच धातूचे का, असं विचारलं. नाही, मी म्हणालो, आणि कारणं दिली. पंधरा मिनिटं उत्तम चर्चा झाली. या गावात माझ्या शिक्षणाला इतकं कुणी बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं.

"म्हणून माझी विनंती अशी की—" मी तिसरं पान काढलं.

"आलं लक्षात. दुसऱ्या आवृत्तीत तळटीप टाका. सुंदर तळटीप होईल." मग अध्यक्ष गंभीर झाले. "माणूस सज्जन दिसतो. पण तांत्रिक समज नाही. कायम करणं तर दूरच, अशा माणसाच्या हाती गाडी देणं धोक्याचं. एकमताने?"

एकमताने.

बाहेर आलो. कुमार उभा राहिला. पेन खिशात, शर्ट तोच.

"सांगितलं का, काका?"

"सगळं सांगितलं," मी म्हणालो. ते खरं आहे. टिपणातली दोन पानं मी शब्दशः बोललो.

"मग हसत का हुते?"

मी म्हणालो, ते दुसऱ्या विषयावर.

३ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. एकही गोष्ट खोटी नाही. वैदेही कालपासून माझ्याशी फक्त भाजीचं बोलतेय.

११ डिसेंबर

मुकुंदाकडून कळलं, नवी गाडी आपोआप गिअरची ठरली. बुकिंग झालं. ट्रान्स्फर केसला दांडाच नाही, गोल बटण. जुनी जीप भंगाराला नेली. निंगप्पांनी डोकं धरलं म्हणे: ऑइल नवं होतं, सांधे ग्रीसने भरलेले, एवढी निगा ठेवलेली जीप गॅरेजात दुसरी नाही.

कुमारला पिकअपवरही कुणी ठेवेना. बातमी कापून पेठेतल्या एका ट्रान्स्पोर्टवाल्याने काचेखाली ठेवलीये. दोन परिच्छेद, एवढ्या वर्षांत माझं कात्रण कुणी जपल्याचं पहिलंच उदाहरण.

वैदेहीने वळसंगला फोन केला होता, मला न सांगता. सोनमचे वडील तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. हरिबाला मूलबाळ नाही. मेंढरं कुणीतरी राखायलाच हवीत.

"कोण राखतंय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कोण राखणार?"

१९ जानेवारी, सोमवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि नव्या गाडीची पहिली फेरी ठरली. पुस्तिकेचा लेखक म्हणून मला पुढच्या सीटवर मान. दुसरी आवृत्ती मांडीवर होती, तळटिपेसह. चालक ऋतुराज, डिप्लोमा झालेला, हसरा. क्लच नाही, दांडा नाही, गाडी स्वतःच ठरवते कुठल्या गिअरात जायचं. आत थंड, बाहेरचा आवाज शून्य. विमानात बसल्यासारखं वाटलं, मी बसलेलो नाही तरी.

कुंभारीच्या पुढे रस्ता मेंढरांनी भरला होता. ऋतुराजने हॉर्न दिला. मेंढरं हलली नाहीत. मग कळपामागून एक माणूस डोईला मुंडासं बांधून पुढे आला, काठीने कडेच्या मेंढ्या आत घेत. त्याच्या मागे एक बाई, कडेवर नुकतं जन्मलेलं कोकरू. माणसाने बॉनेटकडे पाहिलं, खाली वाकून पुढचं चाक पाहिलं, गाडी चढाला आहे की उताराला तेही पाहिलं असावं. मग काचेतून मला पाहिलं.

कुमार.

मला काच खाली घ्यायची होती. जुन्या जीपला फिरवायचा दांडा होता. इथे चार बटणं, एकावरही अक्षर नाही, नुसती चित्रं. एक दाबलं, आरसा हलला. दुसरं दाबलं, दाराला कुलूप लागलं. कुमार काचेपलीकडे काहीतरी बोलला. ओठ हलले तेवढे दिसले.

"उघड ना रे," मी ऋतुराजला म्हणालो.

त्याने त्याच्या बाजूने बटण दाबलं. काच सावकाश खाली गेली. लोकरीचा वास आत आला. तोवर कुमार पाठ करून कळपात शिरला होता, "हुर्र, हुर्र" करत. सोनम शेवटची निघाली. तिने पाहिलं नाही, किंवा पाहून घेतलं असेल.

वाट मोकळी झाली. गाडी निघाली.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"तुमच्याकडे बघून बोलला ते ना? त्याच्या ओठांवरनं कळलं मला." ऋतुराजने काच वर घेतली. "म्हणाला, जावा साहेब."

मला तो काका म्हणायचा.